स्वाभिमानी कलावती शांता आपटे

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की, आपल्या वऱ्हाडातील लहानसहान गावांतूनही मोठी धामधूम उडते. नांदगाव पेठेसारख्या गावातील एखादी मुलगी रंगमंचावर उभी राहून गाणे म्हणते, नाटुकल्यात राणीची किंवा शेतकरणीची भूमिका करते आणि तिचे आईवडील पुढच्या रांगेत बसून मोठ्या कौतुकाने तिच्याकडे पाहतात. तिने चारचौघांत गायिले म्हणून गावात कोणी तिला नावे ठेवीत नाही. उलट दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी तिची पाठ थोपटतात. हे सारे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, याहून निराळे काही असू शकेल, अशी शंकाही मनात येत नाही. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात अशी स्थिती नव्हती. त्या काळी घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबातील मुलीने देवघरात स्तोत्र म्हणावे, फार तर हळदीकुंकवाच्या समारंभात एखादे पद म्हणावे. याहून अधिक गाण्याची तिला मोकळीक नसे. रंगभूमी आणि चित्रपट यांची वाट तर तिच्यासाठी बंदच होती. ही बंद वाट ज्या मोजक्या स्त्रियांनी आपल्या धैर्याने मोकळी केली, त्यांत शांता आपटे यांचे नाव आदराने घ्यावे लागेल.

त्या काळातील नाटकांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर आले की, प्रेक्षक देहभान विसरत. आपल्या अमरावतीचे देशभक्त नाटककार वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ हे नाटक १९२७ साली रंगभूमीवर आले. त्यातील तेजस्विनी ही नायिका मोठी बाणेदार. देशाच्या पारतंत्र्याची चीड तिच्या गाण्यांतून नुसती उसळत असते. पण ती भूमिका केली मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी! नायिका तेजस्वी असावी, तिने सभेला जागे करावे, हे समाजाला मान्य होते. मात्र ती नायिका खरीखुरी स्त्री असावी, हे त्याला मान्य नव्हते.

चित्रपटाची कथाही अशीच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी वेळ भागविली. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमला या दोघींनी काम करण्याचे धाडस केले. ही कमला पुढे कमलाबाई गोखले या नावाने नामांकित नटी झाली. तथापि त्यांच्या पावलावर पाऊल टाकून पुढे येणाऱ्या स्त्रिया बरीच वर्षे थोड्याच होत्या. १९३१ साली चित्रपटाला वाचा फुटली आणि १९३२ साली ‘प्रभात’ संस्थेच्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात सुशिक्षित घराण्यातील दुर्गाबाई खोटे तारामती होऊन आल्या. पुष्कळ लोकांनी नाके मुरडली. पण काळाचे पाऊल पुढे पडले होते, ते मागे फिरले नाही. याच वर्षी आणखी एका मराठी मुलीने चित्रपटात पदार्पण केले. ती मुलगी म्हणजे शांता आपटे.

शांताचा जन्म १९१६ साली सोलापूर जिल्ह्यातील दुधनी या गावी झाला. मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेलगत हे गाव आहे. तिचे वडील तेथे स्टेशनमास्तर होते. गाडीच्या वेळा सांभाळणाऱ्या या गृहस्थाला गाण्याचा मोठा नाद होता. मुलीचा गळा गोड आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी तिला गाण्यापासून परावृत्त केले नाही. उलट उत्तेजनच दिले. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शांताने गायनाचे धडे घेतले. पंढरपूर म्हणजे टाळमृदंगाची नगरी. तेथील वाळवंटात अहोरात्र नामघोष चालतो आणि भजनाचे सूर वातावरणात सदैव तरंगत असतात. अशा ठिकाणी तिच्या कानावर सुरांचे उत्तम संस्कार झाले. गणेशोत्सवात मेळे, कीर्तने, भजने यांची रेलचेल असे. अशा उत्सवात लहानगी शांता भजने गाऊ लागली. श्रोत्यांच्या समुदायापुढे उभे राहण्याची तिची भीड बालपणीच चेपली, ती अशी.

शांताचे वडीलबंधू बाबूराव आपटे हे करारी व कडक शिस्तीचे गृहस्थ होते. आपल्या बहिणीच्या अंगी असलेल्या गुणाचे चीज व्हावे, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्याच पुढाकाराने शांताचा चित्रपटात प्रवेश झाला. भालजी पेंढारकर हे त्या वेळी ‘श्यामसुंदर’ या बोलपटाची तयारी करीत होते. कृष्णाच्या भूमिकेसाठी त्यांनी शाहू मोडक या गोड गळ्याच्या मुलाची निवड केली होती. राधेची भूमिका शांताला मिळाली. १९३२ साली हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो अक्षरशः डोक्यावर घेतला. मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. त्या काळी एकाच चित्रपटगृहात एखादा चित्रपट इतके दिवस चालणे ही मोठी नवलाची गोष्ट होती.

त्यानंतर शांताबाई ‘प्रभात’ संस्थेत दाखल झाल्या. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात ही संस्था स्थापन केली होती. १९३३ साली तिने आपला मुक्काम पुण्यास हलविला. पुण्याच्या नव्या चित्रनगरीत तयार झालेला पहिला बोलपट म्हणजे १९३४ सालचा ‘अमृतमंथन’. देवाच्या नावाने चालणाऱ्या बळीच्या क्रूर प्रथेविरुद्ध त्यात आवाज उठविला होता. या चित्रपटात शांताबाईंनी नायकाच्या बहिणीची भूमिका केली. त्यांच्या गाण्यांना चाली देण्याचे काम केशवराव भोळे यांनी केले. केशवराव हे संगीताचे मर्मज्ञ होते. शब्दांचा अर्थ आणि प्रसंगाचा भाव यांना सोडून केलेली गळ्याची कसरत त्यांना रुचत नसे. गाणे थोडक्यात असावे, पण ते नेमके त्या पात्राच्या अंतःकरणातून यावे, हा त्यांचा आग्रह होता. अशा गुरूचे मार्गदर्शन शांताबाईंना ऐन उमेदीच्या काळात लाभले.

त्या वेळी चित्रपटात गाणे हे किती अवघड काम होते, याची आज आपल्याला कल्पना येणार नाही. आज गाणारा वेगळा असतो आणि पडद्यावर ओठ हलविणारा वेगळा असतो. गाणे आधी ध्वनिमुद्रित केलेले असते आणि ते चुकले तर पुन्हा गाता येते. परंतु बोलपटाच्या आरंभीच्या वर्षांत ही सोय नव्हती. नटाला चित्रण चालू असतानाच प्रत्यक्ष गावे लागे. वादक कॅमेऱ्याच्या दृष्टीआड, कधी एखाद्या झाडामागे, तर कधी पडद्याआड दडून साथ करीत. ध्वनिक्षेपक डोक्यावर टांगलेला असे. नटीने एका वेळी सूर सांभाळायचा, ताल सांभाळायचा, चेहऱ्यावर भाव दाखवायचा आणि शिवाय ठरलेल्या जागेवरून हलायचे नाही! एक सूर जरी चुकला, एखादे पाऊल वाकडे पडले किंवा बाहेर कोठे कुत्रे भुंकले, तरी सारे चित्रण पहिल्यापासून करावे लागे. म्हणून त्या काळच्या नटीला उत्तम गायिका असावेच लागे आणि गायिकेला उत्तम नटी व्हावे लागे.

या अडचणींमुळे बहुतेक गाणारे नट एका जागी खिळल्यासारखे उभे राहून गात. रंगभूमीवरही हीच पद्धत रूढ होती. गवयी नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राही, पदावर ताना घेई, ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा आळवी. कथा तेवढा वेळ थांबून राही. शांताबाईंनी या पद्धतीला निराळे वळण दिले. गाताना त्यांचे डोळे बोलत, मान डुलत असे, हात सहज हालत. घरातील एखादी मुलगी काम करता करता गुणगुणावी, तशा त्या गात. त्यांच्या गाण्याने कथा थांबत नसे. ती पुढे सरके. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते, पण कोणतीही साधी गोष्ट प्रथम कोणाला तरी करून दाखवावी लागते. मराठी व हिंदी चित्रपटांतील गाणे ज्यांनी अशा प्रकारे सहजसुंदर केले, त्यांत शांताबाईंचा वाटा मोठा आहे.

१९३६ साली ‘प्रभात’चा ‘अमरज्योती’ हा चित्रपट आला. अन्यायाने चिडून उठलेल्या सौदामिनी नावाच्या स्त्रीची ही कथा होती. सौदामिनीची मुख्य भूमिका दुर्गाबाई खोटे यांची होती आणि राजकन्या नंदिनीची भूमिका शांताबाईंनी केली होती. मास्टर कृष्णराव यांच्या चालींवर त्यांनी गायिलेली गाणी घरोघरी पोहोचली. ध्वनिमुद्रिकांमुळे त्यांचा आवाज महाराष्ट्राबाहेरही ओळखीचा झाला. तरीही शांताबाईंच्या जीवनातील सर्वांत मोठी भूमिका अजून यावयाची होती. ती आली १९३७ साली, ‘कुंकू’ या चित्रपटात.

‘कुंकू’ची कथा कादंबरीकार नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेली आहे. नीरा ही एक आईबापांविना वाढलेली, शिकलेली मुलगी. तिचा मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून काकासाहेब या वयोवृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. बोहल्यावर उभी राहीपर्यंत आपला वर कोण, हे तिला ठाऊक नसते. लग्न तर होऊन गेलेले असते. आता काय करावे? पूर्वीच्या कथांतील मुली अशा वेळी नशिबाला बोल लावून अश्रू ढाळीत. नीरा तसे करीत नाही. हा विवाह मला मान्य नाही, असे ती निर्धाराने ठरविते आणि त्या निर्धारापासून तसूभरही ढळत नाही. ती घर सोडून पळत नाही की कोणाचा द्वेष करीत नाही. त्याच घरात राहून ती न्यायासाठी झगडते. सासुरवाशिणीला धाकात ठेवू पाहणाऱ्या आत्याबाईंना ती भीत नाही आणि मर्यादा सोडून वागणाऱ्या काकासाहेबांच्या थोरल्या मुलाला ती छडीने चांगला धडा शिकविते. काकासाहेबांची विधवा कन्या सुशीला ही समाजकार्य करणारी असते. ती मात्र नीरेची बाजू ओळखते आणि तिला धीर देते. सुशीलेची भूमिका रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे यांनी केली होती. त्या स्वतःही समाजसेविका होत्या. काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांची. आपल्या हातून एका निरपराध मुलीवर केवढा अन्याय झाला, हे अखेरीस काकासाहेबांना उमगते. त्यांचा पश्चात्ताप दात्यांनी अशा कौशल्याने दाखविला आहे की, प्रेक्षकांना त्यांचीही कणव यावी.

या चित्रपटाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचा विवाह लावून देण्याची दुष्ट चाल आपल्या समाजात फार दिवस होती. मुलीच्या बापाला वराकडून पैसे मिळत आणि मुलीचे जन्माचे वाटोळे होई. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ या नाटकातून या चालीवर घणाघाती प्रहार केला. महाराष्ट्र त्या नाटकाने हळहळला. पुढे १९२९ साली बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला. परंतु कायदा झाला म्हणून चालीरीती एका रात्रीत बदलत नाहीत. ‘कुंकू’ आला, तेव्हाही असे विवाह होतच होते. आता ‘शारदा’ आणि ‘कुंकू’ यांतील फरक पाहा. शारदा असहाय आहे. तिची सुटका दुसऱ्यांना करावी लागते. नीरा स्वतः उभी राहते. शारदेची भूमिका रंगभूमीवर मुलगेच करीत आले. नीरेचे दुःख आणि नीरेचा संताप एका स्त्रीनेच आपल्या मुखाने जगापुढे मांडला. अडतीस वर्षांत समाज केवढी मजल चालून आला होता, ते यावरून दिसते. ही मजल कोणा एकाची नव्हे. पण तिच्या अखेरच्या टप्प्यावर शांता आपटे उभ्या होत्या.

‘कुंकू’ हा चित्रपट संगीताच्या दृष्टीनेही निराळा होता. प्रसंग रंगविण्यासाठी पाठीमागून वाद्ये वाजविण्याची जी सर्वत्र रीत आहे, ती केशवराव भोळ्यांनी या चित्रपटात टाळली. घरात, रस्त्यावर जे आवाज खरोखर ऐकू येतात, त्यांचाच त्यांनी उपयोग केला. या चित्रपटात एका प्रसंगी शांताबाईंनी चक्क एक इंग्रजी कविता गायिली आहे. लाँगफेलो या अमेरिकन कवीची जीवनावरील ही कविता एकोणिसाव्या शतकातील. आयुष्य म्हणजे पोकळ स्वप्न नव्हे, उद्योग करीत पुढे चालत राहावे, असा तिचा आशय आहे. फसविल्या गेलेल्या नीरेच्या तोंडी ती घालण्यात मोठे औचित्य होते. चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने निघाली आणि शांताबाईंचे नाव साऱ्या हिंदुस्थानात दुमदुमले. शहरात लागलेले चित्रपट त्या काळी पुढे फिरत्या चित्रगृहांच्या तंबूंतून लहान गावांच्या जत्रांपर्यंत जात. घोंगड्या पसरून बसलेल्या खेड्यांतील आयाबायांनी जेव्हा पडद्यावरील नीरेला पाहिले असेल, तेव्हा आपल्या मनात दडपलेले शब्द कोणीतरी मोठ्याने उच्चारीत आहे, असे त्यांतील कितीजणींना वाटले असेल!

१९३८ साली दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोपालकृष्ण’ प्रदर्शित झाला. त्यात शांताबाईंनी राधेची भूमिका केली. या चित्रपटातील कृष्ण म्हणजे राम मराठे. पुढे हाच मुलगा पंडित राम मराठे म्हणून थोर गवई झाला. शांताबाईंची कीर्ती आता शिखरावर पोहोचली होती. परंतु कीर्तीच्या शिखरावरही माणसाच्या स्वाभिमानाची कसोटी लागते. शांताबाईंची ती कसोटी १९३९ साली लागली.

त्या काळी नटनटी चित्रसंस्थांत ठरावीक मासिक वेतनावर नोकरीस असत. करारपत्रावर सही केली की, ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यांना दुसरीकडे काम करता येत नसे. पडद्यावर ज्यांना लाखो लोक ओळखत, त्यांना संस्थेच्या दारात मात्र इतर नोकरांप्रमाणेच नियम पाळावे लागत. शांताबाई आणि संस्था यांच्यात कराराच्या बाबतीत मतभेद झाले आणि ते विकोपास गेले. शांताबाईंना आपल्यावर अन्याय होत आहे असे वाटले. तेव्हा त्यांनी पुण्यातील ‘प्रभात’च्या प्रवेशद्वाराशी उपोषण आरंभिले. सत्याग्रह आणि उपोषण हे मार्ग महात्मा गांधींनी देशाला शिकविले होते. पण एका चित्रपटनटीने आपल्या हक्कासाठी तो मार्ग चोखाळावा, ही गोष्ट लोकांना सर्वस्वी नवी होती. वृत्तपत्रांतून या घटनेचा मोठा गाजावाजा झाला. कोणी त्यांना दूषणे दिली, कोणी त्यांची थट्टा केली, तर कोणी त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली. ‘प्रभात’ ही काही सामान्य संस्था नव्हती. तिने उत्तमोत्तम चित्रपट निर्माण केले होते आणि शांताबाईंच्या गुणांना तिनेच व्यासपीठ दिले होते. अशा मातृसंस्थेविरुद्ध उभे राहणे त्यांना सोपे गेले नसेल. तरीही उपकाराचे ओझे मानावे, पण त्यासाठी न्यायाची मागणी सोडू नये, असेच त्यांच्या वागण्यावरून दिसून येते. पडद्यावरील नीरेने जे केले, तेच प्रत्यक्ष जीवनात शांताबाईंनी केले. त्यानंतर ‘प्रभात’शी असलेला त्यांचा संबंध संपला.

योगायोग असा की, याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एका गायिका-अभिनेत्रीच्या वाट्याला अवहेलना आली. अमेरिकेत हॅटी मॅकडॅनियल नावाची एक नीग्रो, म्हणजे ज्यांना आता कृष्णवर्णीय अमेरिकन असे आदराने म्हणतात, त्या समाजातील कलावती होती. तिचे वडील पूर्वायुष्यात गुलामगिरीत होते. गाण्यापासून आरंभ करून, प्रसंगी धुणीभांडी करून तिने चित्रपटात स्थान मिळविले. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात तिने केलेली भूमिका विलक्षण गाजली. पण डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा शहरी त्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा तेथील वर्णभेदाच्या नियमांमुळे तिला त्या समारंभाला जाता आले नाही. पुढे १९४० साली तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती आपल्या समाजातील पहिलीच व्यक्ती. परंतु त्या समारंभातही तिला गोऱ्या सहकाऱ्यांपासून दूर, निराळ्या मेजाशी बसविण्यात आले होते. देश निराळे, अडसर निराळे. एकीकडे रंगाचा भेद, तर दुसरीकडे स्त्री म्हणून आलेली बंधने. तथापि कलेवर टाळ्या वाजवायच्या आणि कलावतीला मात्र मान द्यायचा नाही, ही समाजाची रीत दोन्हीकडे सारखीच होती.

शांताबाईंनी आपला अनुभव केवळ मनात ठेवला नाही. १९४० साली त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. पडद्यावरचा झगमगाट पाहून अनेक मुलींच्या मनात चित्रपटात जाण्याची इच्छा उत्पन्न होई. अशा मुलींसाठी हे पुस्तक होते. चित्रपटाचा धंदा आतून कसा चालतो, तेथे किती श्रम करावे लागतात, काम करणाऱ्यांची स्थिती कशी असते, याची रोखठोक माहिती त्यांनी त्यात दिली. नटीचे छायाचित्र छापावे, पण तिचे विचार कोणी ऐकू नयेत, अशा त्या काळात एका नटीने हाती लेखणी घेतली, ही गोष्टही लहान नव्हे.

‘प्रभात’ सोडल्यानंतर शांताबाई एका ठिकाणी बसून राहिल्या नाहीत. १९४१ साली मद्रासकडे तयार झालेल्या ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्यांनी सावित्रीची भूमिका केली. तमिळ ही त्यांची भाषा नव्हे. त्या भाषेचे उच्चार मराठी जिभेला सहजासहजी साधत नाहीत. तरीही परिश्रमपूर्वक ती भाषा शिकून त्यांनी आपली भूमिका पार पाडली. या चित्रपटात नारदाची भूमिका थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली होती. म्हणजे पूर्वी जेथे पुरुष स्त्रीवेष घेऊन उभा राही, तेथे आता एक स्त्री पुरुषपात्र होऊन वीणा हाती घेऊन उभी राहिली! १९४२ साली शांताबाई लाहोरला गेल्या आणि दलसुख पंचोली यांच्या ‘जमीनदार’ या चित्रपटात त्यांनी काम केले. गुलाम हैदर या पंजाबी संगीतकाराच्या ठसकेबाज चाली त्यांनी तितक्याच सहजतेने गायिल्या. पंढरपूरच्या भजनांवर पोसलेला गळा पुण्यात रुजला, मद्रासेत फुलला आणि लाहोरातही परका ठरला नाही.

पुढे काळ पालटला. १९३५ पासून पार्श्वगायनाची युक्ती चित्रपटात येऊ लागली होती. दहा वर्षांत तिचा सर्वत्र प्रसार झाला. गाणे एकीने म्हणावे आणि अभिनय दुसरीने करावा, अशी वाटणी झाल्यामुळे गाता येणाऱ्या नटीची निकड उरली नाही. १९४६ साली मास्टर विनायक यांचा ‘सुभद्रा’ हा चित्रपट निघाला. वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेल्या त्यातील एका गाण्यात शांताबाईंच्या जोडीला एक कोवळा, पण अत्यंत सुरेल आवाज होता. तो आवाज होता लता मंगेशकर यांचा. ‘रणदुंदुभी’त तेजस्विनी झालेल्या मास्टर दीनानाथांची ही कन्या पुढे पार्श्वगायनाच्या क्षेत्रात सम्राज्ञी झाली. मावळते युग आणि उगवते युग त्या एका गाण्यात क्षणभर एकमेकांशेजारी उभी राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतरही शांताबाईंनी बरीच वर्षे मराठी व हिंदी चित्रपटांत कामे केली. पूर्वीचा लौकिक त्यांना पुन्हा लाभला नाही, पण काम त्यांनी सोडले नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या नयना आपटे यांनीही मराठी रंगभूमीवर व चित्रपटात अभिनय करून नाव मिळविले. आईला ज्या वाटेवर पहिले पाऊल टाकताना समाजाची पर्वा सोडावी लागली, त्या वाटेवर मुलीला ताठ मानेने चालता आले.

ज्या ‘प्रभात’च्या दाराशी शांताबाई उपोषणास बसल्या होत्या, ती संस्था १९५० नंतरच्या काळात बंद पडली. तिच्या जागेत १९६० साली चित्रपटकला शिकविणारी सरकारी संस्था सुरू झाली. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण आणि तरुणी तेथे अभिनय, दिग्दर्शन, चित्रण, ध्वनिमुद्रण अशा नाना विद्या शिकतात. तेथे शिकण्यासाठी मुलीला कोणाची क्षमा मागावी लागत नाही.

शांताबाई गेल्या, पण ‘कुंकू’ हा चित्रपट आजही पाहावयास मिळतो. त्यातील चित्र जुने झाले आहे, आवाजही थोडा खरखरतो. पण नीरा बोलू लागली की, पाहणाऱ्याला त्याचा विसर पडतो. कला श्रमाने साध्य होते आणि मान स्वाभिमानाने राखावा लागतो, हे शांता आपटे यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले. आपल्या गावच्या संमेलनात एखादी मुलगी निर्भयपणे गाऊ लागते, तेव्हा तिच्या त्या निर्भयतेत दुधनीच्या या स्टेशनमास्तरांच्या मुलीचाही थोडा वाटा असतो. तिचे नाव त्या मुलीला ठाऊक असो वा नसो, हे ऋण खरेच आहे. आणि ज्यांचे ऋण आपल्यावर आहे, त्यांची ओळख करून घेणे हे आपले कर्तव्य होय.